जत्रेतली बासरी घरी का वाजत नाही?

वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरी नदीच्या पात्रात दुकाने मांडली जातात, पाळणे उभे राहतात आणि सगळे गाव संध्याकाळी तिकडे लोटते. त्या गर्दीत काठीला बासऱ्या खोचून फिरणारा बासरीवाला बहुधा दिसतोच. तो एखादे ओळखीचे गाणे इतके गोड वाजवतो की मुले वडिलांचा हात ओढून तिथे थांबतात. बासरी विकत घेतली जाते. घरी येऊन मूल ती ओठांना लावते आणि जिवाच्या आकांताने फुंकते. बासरीतून येते ते फक्त 'फुस्स'!

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात हा विषय काढून पाहा. निम्म्या मुलांनी हा अनुभव घेतलेला असतो. त्यांची उत्तरे दोनच प्रकारची असतात. काही म्हणतात, "त्याने चांगली बासरी स्वतःकडे ठेवली आणि आम्हाला खराब दिली." उरलेली जरा खालच्या आवाजात म्हणतात, "आपल्याला नाही जमणार. त्याला देवाची देणगी असते." पहिल्या उत्तराने बासरीवाल्यावर उगीच आळ येतो. दुसरे उत्तर त्याहून वाईट, कारण त्यामुळे मूल बासरी कायमची माळ्यावर टाकते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे समजून घेतले, तर एखाद्या थोर बासरीवादकाचे वादन ऐकताना नेमके कशाचे कौतुक करायचे तेही आपल्याला कळेल.

नळीचे काम

सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या भागाने करू. बासरी ही दोन्हीकडून उघडी नळी आहे. एक टोक बुचाने किंवा पेराने बंद असले तरी फुंकरीचे छिद्र उघडे असते, म्हणून ध्वनीच्या दृष्टीने ती दोन्हीकडून उघडीच. अशा नळीतील हवेच्या स्तंभाची मूळ वारंवारता काढायची असेल तर ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरू. जत्रेतली बासरी साधारण ३० सें.मी. लांब असते; पण नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर हलते, म्हणून हिशेबाची लांबी काही सें.मी. जास्त धरावी लागते. ती ३४.५ सें.मी. धरली तर उत्तर येते ५०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५०० कंपने.

बोट उचलून छिद्र उघडले की हवेचा स्तंभ जणू त्या छिद्रापाशीच संपतो. लांबी कमी झाली, सूर चढला. आपण 'बासरी वाजवणे' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बोटांचा हा खेळ असतो. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नळी स्वतः आवाज करत नाही. कोणत्या वारंवारतेला साथ द्यायची एवढेच ती ठरवते. तिच्यातली हवा कोणीतरी सेकंदाला ५०० वेळा ढकलावी लागते. हे ढकलणारे कोण?

पत्ती कुठे आहे?

पपईच्या पानाच्या देठाची पिपाणी आपण सर्वांनी लहानपणी केली आहे. देठाला चीर दिली की तिच्या कडा थरथरतात आणि आवाज येतो. सनईत ताडपत्रासारख्या पात्याची पत्ती थरथरते, पेटीत पितळेची. या सर्व वाद्यांत थरथरणारी वस्तू कारागिराने करून दिलेली असते. वाजवणाऱ्याने फक्त हवा पुरवायची. म्हणूनच पिपाणी पहिल्याच फुंकरीला वाजते.

बासरीत पत्ती नाही. बासरीवाल्याच्या हातातली बासरी काढून घेतली तर आपल्या हाती येते ती छिद्रे पाडलेली बांबूची नळी. तिची पत्ती बासरीवाल्याकडेच राहते, कारण ती पत्ती हवेची असते आणि तो ती आपल्या ओठांनी दर क्षणाला घडवत असतो. मुलाची तक्रार एका अर्थाने बरोबरच आहे. बासरीवाल्याने खरोखरच एक वस्तू स्वतःकडे ठेवली. फक्त ती विकता येण्याजोगी नव्हती.

ही हवेची पत्ती कशी काम करते ते पाहू. ओठ जवळ आणून मध्ये एक बारीक फट ठेवली की तिच्यातून हवेचा चपटा झोत निघतो. तो छिद्र ओलांडून समोरच्या कडेवर आदळतो. कडेवर आदळलेला झोत स्थिर राहत नाही. तो कधी कडेच्या आत, नळीत शिरतो, तर कधी बाहेर जातो. आत शिरला की नळीतल्या हवेला धक्का बसतो. ते कंपन नळीभर फिरते आणि छिद्रापाशी हवा आत-बाहेर हलू लागते. ही हलणारी हवा ओठांजवळच्या झोताला पुन्हा बाहेर किंवा आत वळवते. झोत नळीला हलवतो आणि नळी झोताला वळण लावते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढत जातो, तसेच हे आहे. धक्का चुकीच्या वेळी दिला तर झोपाळा थांबतो, आणि बासरीतून 'फुस्स' येते.

ओठांचा हिशेब

धक्क्याची वेळ कशी जुळते? ओठांपाशी झोताला बसलेला वळसा झोताबरोबर पुढे सरकत कडेपर्यंत जातो. त्याला लागणारा वेळ एका कंपनाच्या साधारण निम्मा असावा लागतो. हा वळसा झोताच्या वेगाच्या सुमारे निम्म्या वेगाने पुढे सरकतो.

ढोबळ आकडे घालून पाहू. सूर ५०० हर्ट्झचा आहे, म्हणजे एका कंपनाला २ मिलिसेकंद लागतात. निम्मा वेळ १ मिलिसेकंद. बासरी वाजवताना मंद सुराला तोंडातील हवेचा जादा दाब २०० पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे फक्त २ सें.मी. उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. या दाबाने बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या घरात येतो. (तासाला ६५ किलोमीटर. धुळ्याला निघालेली एस.टी. साधारण याच वेगाने जाते!) वळशाचा वेग याच्या निम्म्याहून थोडा कमी, सेकंदाला ८ मीटर धरू. तर १ मिलिसेकंदात तो ८ मि.मी. जाईल. म्हणजे ओठ आणि कड यांच्यात ८ मि.मी. अंतर हवे.

आता त्याच बोटांनी वरच्या सप्तकातला सूर काढायचा आहे. वारंवारता १००० हर्ट्झ, निम्मा वेळ अर्धा मिलिसेकंद. ओठ जागचे हलवले नाहीत तर वळशाचा वेग दुप्पट करावा लागेल. वेग दुप्पट करायचा तर दाब चौपट हवा, कारण झोताचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नवशिका हेच करतो. गाल फुगवून चौपट जोराने फुंकतो आणि बासरी किंचाळते. जाणकार वादक ओठ २ मि.मी.पेक्षा थोडे अधिक पुढे आणतो. अंतर ८ मि.मी. ऐवजी ५.७ मि.मी. झाले की दुप्पट दाबातच काम होते आणि सूर गोड लागतो.

बोटांची हालचाल प्रेक्षकाला दिसते. ही सव्वादोन मिलिमीटरची हालचाल कोणालाच दिसत नाही. द्रुत तानेत वादक एका सप्तकातून दुसऱ्यात जातो तेव्हा दर वेळी ओठांचे हे माप बदलते, आणि मोजायला पट्टी नसते. असते ती फक्त कानाची साक्ष.

जोर वाढवला की सूर चढतो

पेटीची पट्टी हळू दाबा वा जोरात, सूर तोच राहतो. बासरीचे तसे नाही. जोराने फुंकले की झोत कडेवर लवकर पोहोचतो, धक्का वेळेच्या थोडा आधी बसतो आणि सूर वर सरकतो. हळू फुंकले की तो उतरतो. ही गोष्ट मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या अॅपने मुलांना सहज दाखवता येते.

आता कल्पना करा की वादक एकच सूर हळू सुरू करतो, हळूहळू मोठा करतो आणि पुन्हा विरत नेतो. आपल्याला तो सरळ रेषेसारखा स्थिर वाटतो. पण वादकाने काहीच केले नसते तर तो सूर डोंगरासारखा चढून उतरला असता. तो स्थिर राहिला याचा अर्थ वादक प्रत्येक क्षणी दुरुस्ती करत होता. आवाज मोठा करताना त्याने झोताचा वेग फारसा वाढू दिला नाही; ओठांची फट किंचित मोठी करून झोत जाड केला. सूर तरीही चढू लागला तर ओठांनी छिद्राचा थोडा अधिक भाग झाकला किंवा बासरी केसभर आत फिरवली, कारण छिद्र झाकले की सूर उतरतो. आपण टाळ्या देतो तानेला. विज्ञान सांगते की लांब, स्थिर सूर ही कदाचित त्याहून मोठी कमाई आहे.

खानदेशचा उन्हाळा आणि बासरी

याला आणखी एक परिमाण आहे, आणि ते आपल्या भागात सहज तपासता येते. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. जानेवारीतल्या पहाटे आपल्याकडे १२ अंश सेल्सिअस तापमान असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३९ मीटर असतो. मेमधल्या दुपारी ४२ अंशाला तोच सुमारे ३५७ मीटर होतो. बासरीची लांबी बदललेली नाही, म्हणून सूर वेगाच्या प्रमाणात चढणार. २५ अंशाला ३३० हर्ट्झचा षड्ज देणारी बासरी १२ अंशाला ३२३ आणि ४२ अंशाला ३४० हर्ट्झ देईल. हा फरक १७ हर्ट्झचा झाला. एक अर्धा स्वर, म्हणजे षड्जापासून कोमल ऋषभाचे अंतर, येथे सुमारे २० हर्ट्झ असते. एकाच गावात, एकाच बासरीत, पहाटेच्या थंडीत आणि वैशाखाच्या उन्हात जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक!

प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, कारण वादकाचा उबदार श्वास नळीतली हवा लवकरच आपल्या तापमानाकडे खेचतो. म्हणून थंडीत वादक कार्यक्रमाआधी बासरीत फुंकर घालून ती 'तापवून' घेतात. पण अडचण येथे संपत नाही. तंबोऱ्याच्या तारा उन्हात प्रसरण पावून सैल होतात आणि त्यांचा सूर उतरतो. बासरी चढते, तंबोरा उतरतो. तंबोऱ्याला खुंट्या आहेत, तबल्याला गठ्ठे आहेत. बांबूच्या बासरीला काहीच नाही. म्हणून मैफलीत बाकीची वाद्ये बासरीला मिळवून घेतात, आणि मध्येच हवा बदलली तर उरलेली दुरुस्ती पुन्हा ओठांवरच येते.

सूर सावरण्याचे दोन मार्ग

या हट्टी वाद्याला वठणीवर आणण्याचे प्रयत्न जगात दोन दिशांनी झाले.

युरोपात मोझार्टच्या काळी बासरी लाकडी होती आणि तिला बहुधा एकच चावी असे. तिचे सर्व स्वर सारखे सुरेल लागत नसत. एका हौशी बासरीवादकाच्या मागणीवरून मोझार्टने १७७८ मध्ये जी मेजरमधील बासरी कन्चेर्टो रचला. कन्चेर्टो म्हणजे एका वाद्याने वाद्यवृंदाशी संवाद करत वाजवायची, सहसा तीन भागांची रचना. गंमत अशी की त्याच सुमारास वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने या वाद्याबद्दल नावडच व्यक्त केली होती. पुढे म्युनिकचा थिओबाल्ड बोम याने बासरीचा आराखडाच बदलला. तो सोनारकाम शिकलेला होता आणि स्वतः बासरीवादकही होता. १८३२ मध्ये त्याने चाव्यांची नवी रचना आणली आणि १८४७ मध्ये सरळ दंडगोल नळीची बासरी केली. बोट पोहोचते तिथे छिद्र पाडण्याऐवजी ध्वनिशास्त्र सांगेल तिथे पाडायचे आणि ते दांडे-झाकणांनी बंद करायचे, हा त्याचा विचार. आजची पाश्चात्त्य बासरी मुख्यतः त्याचीच आहे.

आपल्याकडचा मार्ग वेगळा. आजच्या बांगलादेशातील बारिसाल येथे १९११ मध्ये जन्मलेले पन्नालाल घोष १९४० मध्ये मुंबईला आले. त्या वेळी बासरी म्हणजे गुराख्याचे किंवा गाण्याला साथ देणारे छोटे वाद्य अशीच समजूत होती. ख्यालाचा खर्ज आणि मींड तिच्यात यायची तर नळी लांब आणि रुंद हवी. त्यांनी सुमारे ३२ इंची बासरी रूढ केली. वरचेच सूत्र लावून पाहा. पांढरी तीनच्या बासरीत सर्व सहा छिद्रे बंद केल्यावर लागणारा मंद्र पंचम सुमारे २४७ हर्ट्झ असतो. त्यासाठी ७० सें.मी. लांब हवेचा स्तंभ लागतो. एवढी लांब, सरळ आणि पातळ भिंतीची नळी एकाच पेरात मिळणे कठीण; असा बांबू आसामकडून येतो. मंद्र पंचमाच्याही खाली तीव्र मध्यमापर्यंत उतरता यावे म्हणून घोषांनी सातवे छिद्र जोडले. चाव्या मात्र आल्या नाहीत. छिद्रे मोठी आणि लांब लांब असल्याने बोटांची टोके पुरत नाहीत. बोटे आडवी टाकून ती झाकावी लागतात. पण उघड्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवले की सूर न तुटता वर घसरतो. हीच मींड. चावीच्या झाकणाने ती इतक्या सहज साधत नाही. बोमने अडचण यंत्रावर सोपवली. पन्नालाल घोषांनी ती माणसाकडेच ठेवली आणि बदल्यात मींड मिळवली. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर बासरी मैफलीचे वाद्य झाली होती.

मग बासरी चांदीची आहे की बांबूची याने काय फरक पडतो? अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या सारख्याच मापाच्या नळ्या घेऊन त्यांना एकाच प्रकारचे मुखाचे भाग जोडले. पडद्याआडून ऐकणाऱ्यांना तर फरक सांगता आला नाहीच; हाताला वजन कळणार नाही अशी व्यवस्था केल्यावर वाजवणाऱ्यांनाही तो ओळखता आला नाही. नळीची मापे, छिद्राची कड आणि ओठ हेच खरे. जत्रेतली बासरी स्वस्त आहे म्हणून ती वाजत नाही असे नव्हे.

ऐकताना काय ऐकावे?

मोझार्टच्या त्या कन्चेर्टोचा दुसरा, संथ भाग मिळाला तर जरूर ऐका. या भागात मोझार्टने वाद्यवृंदातले ओबो बाजूला ठेवून त्यांच्या जागी दोन बासऱ्या घेतल्या आहेत. म्हणजे मुख्य वादकाच्या पाठीशी त्याच जातीची दोन वाद्ये उभी आहेत. दोन बासऱ्या ४४० आणि ४४३ हर्ट्झवर वाजल्या तर सेकंदाला तीन 'विस्पंदे' ऐकू येतात, सूर हेलकावतो. कोणी चुकले तर ते लगेच उघडे पडते. पहिल्या आणि तिसऱ्या भागातल्या धावत्या स्वरांना आपण दाद देतोच. संथ भागात एखादा लांब सूर फुलून विरतो आणि कुठेच हेलकावत नाही, तिथेही थांबावे.

त्यानंतर पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या एखाद्या रागाची आलापी लावा. येथे वाद्यवृंदाचे काम तंबोरा करतो. तो अखंड षड्ज देत असतो आणि बासरीच्या प्रत्येक स्वराची परीक्षा घेत असतो. चौरसियांचा जन्म १९३८ चा, अलाहाबादचा. आकाशवाणीवर आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. नव्याने शिकण्याची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडे धरायची ती डावीकडे धरू लागले. वर पाहिलेला हिशेब आठवा म्हणजे याचा अर्थ कळेल. बोटांची अदलाबदल तर झालीच, पण ओठांना वर्षानुवर्षे पाठ झालेली मिलिमीटरची मापेही आरशातल्यासारखी उलटी शिकावी लागली. ती शिकता आली, हीच आपल्या माळ्यावर बासरी टाकणाऱ्या विद्यार्थ्याला सांगण्याजोगी गोष्ट आहे. देणगी डावी-उजवी नसते, सराव असतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

१) रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घाला. आवाज आला की ओठ पुढे-मागे करून तो कुठे जातो आणि कुठे येतो ते पाहा. झोत कडेवर आदळणे म्हणजे काय ते येथे कळते. ज्याला बाटली वाजवता आली त्याला बासरी येणारच.

२) बासरीची सर्व छिद्रे उघडी ठेवून फक्त ओठांनी सूर शोधा. तो सापडल्यावर वरच्या बाजूने एकेक छिद्र बंद करत जा. सुरुवातीलाच सर्व छिद्रे झाकू नका. बोटाखालून जराशी हवा निसटली तरी खालचे स्वर लागत नाहीत आणि मुलाला वाटते की फुंकरच चुकली.

३) गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून बासरी वाजवा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळ्यांतील फरक मोजा. १ सें.मी. म्हणजे सुमारे १०० पास्कल. खालच्या आणि वरच्या सप्तकातला फरक नोंदवा. प्रत्येक मुलासाठी तोंडात धरायचा तुकडा वेगळा घ्यावा.

४) एकच बासरी, एकच स्वर, एकच वादक. जानेवारीपासून मेपर्यंत दर आठवड्याला सकाळी आणि दुपारी तापमान मोजा आणि बासरीवर पहिली फुंकर घालताच वारंवारता नोंदवा. आलेखावर बिंदू मांडा. ते वरच्या हिशेबाशी कितपत जुळतात आणि श्वासाच्या उबेमुळे किती सुटतात, हे मुलांनीच शोधावे. नववीच्या प्रकल्पाला हा विषय पुरेसा आहे.

आणि पुढच्या वैशाखात बोरीच्या पात्रात बासरीवाला भेटला की मुलांना त्याच्याजवळ थोडे अधिक थांबू द्या. गाणे संपल्यावर त्याला विनंती करा, "दादा, एकच सूर लांब धरून दाखवा ना." मुलांना सांगा, बोटांकडे नको, त्याच्या ओठांकडे पाहा.